टेंभी नाका ते १९५५, व्हाया तलावपाळी

"कुठे?" रिक्षावाला विचारतो.

"१९७८," तुम्ही म्हणता.

तो नाही म्हणत नाही. संध्याकाळी सातला टेंभी नाक्यावर रिक्षावाल्याने 'नाही' म्हणू नये, हाच खरं तर आजचा पहिला चमत्कार. नवरात्र आहे. मंडपाची शिखरं रस्त्याच्या डोक्यावर आली आहेत, रोषणाईने डोळे दिपताहेत, आरतीची वेळ असल्यामुळे पोलिसांनी एक बाजू बंद केली आहे आणि मागचा बसवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. तुम्ही आत बसता. मीटर पडतो, पण आकडा वर चढत नाही, खाली उतरायला लागतो. २०२०, २०१४, २०१३. पहिल्यांदा मागच्या बसचा आवाज जातो. मग फ्लेक्स एकेक करून गळून पडतात, इमारतींचे वरचे मजले वितळतात, दोन झाडं परत येतात. मीटर १९७८ वर थांबतो.

उतरा. नाका तोच आहे. अठराव्या शतकातली अग्यारी तिच्या जागी आहे. १८७९ साली बांधलेलं बेने इस्रायलींचं शार हाशमाईम सिनेगॉग त्याच्या जागी आहे. बी. जे. हायस्कूल, पलीकडे सिव्हिल हॉस्पिटल, सगळं जिथल्या तिथे. फक्त मधली हवा मोकळी झाली आहे. ठाण्याला अजून महापालिका नाही, नगरपालिका आहे. आणि चौकात एक मंडप उभा आहे, ज्याच्याकडे तुम्ही जरा निरखून बघा. शिवसेनेच्या आनंद दिघ्यांनी इथे नवरात्र सुरू केलं ते याच वर्षी. आत्ता तुम्ही जी शिखरं मागे टाकून आलात, त्यांचा हा आरंभ. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं या चौकातला देखावा वर्षागणिक मोठा होत जाणार आहे. इथल्या माणसांना ते माहीत नाही, तुम्हाला आहे. गप्प राहा.

आता तलावपाळीकडे चालत चला, दहा मिनिटं लागतील. मासुंदा तलावाच्या काठावर एक मोठी इमारत शेवटच्या कामासाठी ताटकळत उभी आहे. बाहेर वाळूचा ढीग, आत सुतारांची ठोकाठोक. गडकरी रंगायतन. १५ डिसेंबरला उद्घाटन. आजवर ठाणेकराला मोठ्या नाट्यगृहात नाटक बघायचं तर दादर-गिरगाव गाठावं लागायचं आणि तिसरा अंक संपायच्या आत शेवटच्या लोकलचा हिशेब मांडीवर घेऊन बसावं लागायचं. आता ते संपणार.

पण मी तुम्हाला इथे आणलं ते या दोन मांडवांसाठी नाही. तिसरी घटना मुंबईत घडते आहे आणि ती कुणाच्या वर्तमानपत्रात मथळा होणारी नाही. बँक ऑफ इंडियातला चाळिशीला आलेला एक कर्मचारी वीस वर्षांची नोकरी सोडतो आहे. कारण नाटक. त्याचं नाव रत्नाकर मतकरी. बँकेची नोकरी म्हणजे काय, हे १९७८ सालच्या कोणत्याही मध्यमवर्गीय ठाणेकराला विचारा. मुलगी द्यायला तेवढी पुरे.

तो सोडतोय ते कशाच्या भरवशावर, हे बघायला आपल्याला अजून मागे जावं लागेल. रिक्षात बसा.

१९५५. रिक्षा थांबते तेव्हा ती रिक्षा राहिलेली नाही. घोडा फुरफुरतो आहे. टांग्यातून खाली उतरताना डाव्या पायाखाली बघा, घोड्याने कार्यक्रम आटोपला आहे.

एका घराची खिडकी उघडी आहे. रस्त्यावरून आतलं दिसावं इतका जुना काळ. कपाटावर विणलेल्या रुमालावर रेडिओ ठेवला आहे. कुणीतरी बटण फिरवतं, पण आवाज लगेच येत नाही. आतल्या काचेच्या नळ्या तापाव्या लागतात. आधी पिवळी पट्टी उजळते, मग खरखर, मग लांबून येत असल्यासारखा निवेदकाचा आवाज. ऑल इंडिया रेडिओचं मुंबई केंद्र. एकांकिका आहे, 'वेडी माणसं'. लेखक रत्नाकर मतकरी.

निवेदक लेखकाचं वय सांगत नाही, ते बरंच आहे. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा आहे. सांगितलं असतं तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी कौतुकाच्या सुरात ऐकलं असतं आणि कौतुकाचा सूर लागला की माणूस नीट ऐकत नाही.

तुम्ही खिडकीबाहेर उभे राहून ऐका. रेडिओचं नाटक लिहिणाऱ्याला एक धडा फुकट मिळतो. पडदा नाही, कपडे नाहीत, चेहरा नाही. दार उघडलं हे करकर वाजवून सांगायचं, पाऊस आला हे ऐकवून सांगायचं, आणि बाकीचं सगळं ऐकणाऱ्याच्या डोक्यात उभं करायचं. सोळाव्या वर्षी हा धडा मिळालेला माणूस पुढे कधी 'सेट नाही म्हणून नाटक अडलं' म्हणेल का? मला वाटतं, मतकरींच्या पुढच्या साठ-पासष्ट वर्षांचं मूळ या खरखरीत आहे. त्यांनी स्वतः ते असं मांडलंय असा माझा दावा नाही, पण तुम्ही माझ्याबरोबर सगळा प्रवास करा आणि मग भांडा.

पुढचा थांबा मुंबई, १९५९. एक नाट्यगृह. सकाळी आलेले लोक पायऱ्यांवरच गोंधळून उभे आहेत, कारण नाटक मुलांचं आहे आणि ते मोठी माणसं करणार आहेत, खऱ्या नाट्यगृहात, खऱ्या दिव्यांत, तिकीट लावून. तोवर मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमध्ये दाढी चिकटवलेला सहावीतला शिवाजी. सुधा करमरकर अमेरिकेत मुलांची रंगभूमी बघून आल्या, त्यांनी 'लिटल थिएटर' काढलं आणि पहिलं नाटक लिहायला दिलं ते या विशीतल्या मुलाला. 'मधुमंजिरी'.

तिसरी घंटा होते. अंधार. शेजारी बसलेला सात-आठ वर्षांचा मुलगा तुमची बाही घट्ट धरतो. त्याला अंधाराची सवय नाही आणि तुम्ही अनोळखी आहात हे त्याच्या लक्षातही आलेलं नाही. पडदा उघडतो, रंगांचा झोत अंगावर येतो आणि तो बाही सोडतो. संपेपर्यंत पुन्हा धरत नाही. मध्ये एकदा उठून उभा राहतो आणि रंगमंचावरच्या माणसाला ओरडून सल्ला देतो. आई त्याला खाली ओढते. ओढू नका हो.

मतकरींनी हा सल्ला ऐकलेला दिसतो. कारण १९६२ साली त्यांनी स्वतःचीच संस्था काढली. नाव ठेवलं 'बालनाट्य', इतकं साधं. बरोबर प्रतिभाताई मतकरी. तुम्ही आता तिथे चला, पण पुढच्या रांगेत बसू नका. विंगेत या, कारण या माणसाला समजून घ्यायचं तर पाठीमागूनच घ्यावं लागतं.

दिवसभर बँकेत व्हाउचरं आणि लेजर. संध्याकाळी तालीम. तालीम संपली की पुठ्ठा, सरस, डिस्टेंपरचे डबे. नाटक मतकरींनी लिहिलंय हे तुम्हाला माहीत आहे. दिग्दर्शनही त्यांचं. पण नेपथ्याचं रेखाटनही त्यांचंच, आणि गरज पडली की ते स्वतः तोंडाला रंग लावून उभे. ते चित्रकारही आहेत. नाटकातल्या राक्षसाचं तोंड कसं असावं, हे ते कुणाला शब्दांत समजावत बसत नाहीत. कागद ओढतात आणि काढून दाखवतात. तुम्हीच बघा, नाटकाची वही समोर आहे आणि समासात चेहरे आहेत.

आज असं अनेक कलांत एकदम वावरणाऱ्याला विद्यापीठात भारदस्त नाव आहे, शिष्यवृत्त्या आहेत, परदेशात महिनाभर राहायला खोली देतात. १९६२ सालच्या मुंबईत त्याचं कारण फार सरळ होतं. नेपथ्यकाराला द्यायला पैसे नव्हते. बालनाट्याच्या तिकिटाला किती किंमत लावणार? त्यात राक्षस, चेटकीण, राजवाडा आणि जंगल बसवायचं. जे दुसऱ्याकडून करून घ्यायला पैसे लागतात ते स्वतःला यायला हवं. जवळजवळ तीस वर्षं हे काम त्यांनी पदरमोड करून चालवलं. बँकेच्या पगारातून चेटकिणीचा झाडू विकत घेणारा दुसरा लेखक मराठीत मला आठवत नाही.

चेटकीण म्हटलीच आहे तर तिला भेटून घ्या. 'अलबत्या गलबत्या'चा प्रयोग, चिंची चेटकीण रंगायला बसली आहे. आरशात बघा, नाकाला लांबलचक तुकडा चिकटवला जातोय, भुवया वर ओढल्या जाताहेत. आरशाच्या बाहेर बघा, तो एक शांत, सडपातळ तरुण आहे. दिलीप प्रभावळकर. अजून ते चौकट राजाही नाहीत आणि टिपरेही नाहीत. थोड्या वेळाने हा तरुण रंगमंचावर असा काही किंचाळेल की पहिल्या रांगेतलं एक मूल थेट आजीच्या पदरात शिरेल आणि आजी स्वतः दचकलेली असल्यामुळे तिला काही सुचणार नाही.

१९७४. प्रेक्षागृहात मुलं नाहीत. लाडू-चिवड्याच्या पुड्याही नाहीत. नाटक आहे 'आरण्यक'. महाभारताचं युद्ध होऊन गेलं आहे, जिंकलेले राज्य करताहेत आणि म्हातारी माणसं वनाकडे निघाली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर. ज्यांचं सगळं संपलं त्यांचं नाटक, आणि भाषा मुक्तछंदाची.

धृतराष्ट्र येतो. आवाज आधी येतो, माणूस नंतर. रवी पटवर्धन. वय वर्षं ३७. केस पांढरे केलेत, चालीत जडपणा आणलाय, बोटं हवेत आधार शोधताहेत. विदुर झालाय तो चेटकिणीवाला तरुण, तिशीचा. तुम्हाला क्षणभर लागतो ओळखायला. किंचाळीचा मागमूस नाही. हात एकमेकांत गुंतवून, मान किंचित कलती ठेवून तो ऐकतोय, आणि बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे लक्ष जातंय. ही दोन म्हातारपणं रंगाची आहेत, मेकअपच्या डब्यातून आलेली. लक्षात ठेवा. त्यांच्याकडे आपण परत येणार आहोत.

एकच लेखक शनिवारी चेटकीण लिहितो आणि सोमवारी धृतराष्ट्र, याचं नवल मराठी समीक्षेला फार वाटलेलं दिसत नाही. समीक्षेला एक खण लागतो. बालनाट्यवाला, गूढकथावाला, व्यावसायिकवाला, प्रायोगिकवाला. मतकरींची अडचण अशी की ते प्रत्येक खणात थोडे थोडे सापडायचे आणि म्हणून कुठल्याच खणाचे मालक ठरायचे नाहीत. हे माझं मत. तुम्ही त्यांच्या वाचकांपैकी असाल तर तुम्हाला ते आधीच ठाऊक आहे.

तर आता पुन्हा १९७८. राजीनामा दिलेला माणूस काय करतो? सुरक्षित व्यावसायिक नाटक लिहून पहिल्या वर्षाची बेगमी करावी, असं कुणीही सांगितलं असतं. मतकरी 'लोककथा ७८' करतात.

बसा. पडदा उघडतो आणि दिवाणखाना नाही. मराठी नाटकात सोफा नाही, म्हणजे बुकिंगच्या खिडकीवर चिंता. इथे गाव आहे, जमाव आहे, दलितांवर होणारा अत्याचार आहे, आणि गोष्ट सांगणारी माणसं सजवलेली नाहीत. नट एका क्षणी गावकरी असतात, दुसऱ्या क्षणी तेच घटना सांगू लागतात. झाड हवं तर माणसं झाड होतात, गर्दी हवी तर गर्दी. नाटकाच्या नावातच वर्ष टाकलंय. फार पूर्वी एका गावात, असं म्हणून सुटका करून घ्यायची सोय ठेवलेली नाही. यंदाची गोष्ट आहे.

तुमच्या शेजारचे गृहस्थ चुळबुळताहेत. सफारी, हातात बायकोची पर्स. मध्यंतरात ते बाहेर येतात, बटाटेवडा हातात घेतात आणि खात नाहीत. "हे असं खरंच असतं का हो?" ते तुम्हाला विचारतात. तुम्ही २०२० पलीकडून आलेले आहात. काय उत्तर द्याल?

त्याच आठवड्यात ठाण्यात रंगायतनच्या आत खुर्च्या बसवल्या जात असतील. लाल मखमल, मोठा फिरता रंगमंच हवा की नको याच्या चर्चा. टेंभी नाक्यावर देवी बसली आहे. आणि हा माणूस मोकळ्या फळ्यांवर पंधरा-वीस माणसं उभी करून सांगतोय की एवढं पुरतं. मला यात भांडण लावायचं नाही. चौकाला देखावा लागतो, गावाला नाट्यगृह लागतं. पण ज्याला रंगवणं, लिहिणं, बसवणं, बोलणं सगळं येतं, त्याला कुणाच्या मांडवाची वाट बघावी लागत नाही, हे १९७८ साली एकाच वेळी तीन ठिकाणी उभं राहिलं तर दिसतं. म्हणून तुम्हाला इतका वळसा घातला.

पुढची वर्षं रिक्षातूनच बघू, उतरायला नको. जाहिरातींच्या पाट्या सरकताहेत त्या वाचत राहा. 'दुभंग', 'माझं काय चुकलं?', 'अश्वमेध', 'जावई माझा भला', 'चार दिवस प्रेमाचे'. गडकरी रंगायतनच्या बाहेर दर दुसऱ्या शनिवारी यातलं काहीतरी आहे. घरातली माणसं, नात्यांतले पेच, मध्यंतरात वडा, शेवटाला टाळ्या. ज्यांना 'लोककथा ७८' आवडलं त्यातल्या काहींनी या नाटकांवर नाक मुरडलं. मुरडू द्या. या नाटकांनी घर चालवलं आणि बालनाट्यातली तूटही भरली असणार. १९८२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, ते तुम्ही आत्ता मागे टाकलंत.

इथे मात्र पाच मिनिटं उतरा. डोंबिवली, नव्या शतकाची पहिली काही वर्षं. भारनियमन. मुंबईकडे आकाश उजळलेलं आणि इथे तिन्हीसांजेपासून काळोख. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी मेणबत्तीशी पुस्तक धरून बसली आहे. मतकरींच्या गूढकथा. भयकथाकार नारायण धारपांचं भूत दारातून येतं, डोळे लाल करून येतं, आणि वाचताना तुम्हाला कळतं की हे भूत आहे. मतकरींचं काही सांगता येत नाही. ते घरातच असतं. ते एखाद्या लहान मुलाच्या मनात असतं, जुन्या अपराधात असतं, नवरा-बायकोच्या न झालेल्या बोलण्यात असतं. मुलगी पान उलटते. मेणबत्ती हलते. स्वयंपाकघरातून आई हाक मारते आणि मुलगी ओ देत नाही, कारण हाक आईनेच मारली आहे याची तिला या क्षणी पक्की खात्री नाही.

दूरचित्रवाणीवर याच कथांची 'गहिरे पाणी' मालिका येऊन गेलेली आहे. कथाकथनाच्या कार्यक्रमांत मतकरी स्वतः या गोष्टी सांगतात. रेडिओवाला मुलगाच तो, फक्त आता आवाज स्वतःचा.

२०१३. चालू गाडीतून एवढंच ऐका: पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर माणसं अमृतमहोत्सवाच्या शाली मोजतात. मतकरींनी स्वतःच्याच कथेवर चित्रपट दिग्दर्शित केला आहे, 'इन्व्हेस्टमेंट', आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आहे.

२०१८ ला नीट थांबू.

गडकरी रंगायतन आता चाळिशीचं झालंय. सुट्टीचा दिवस, सकाळ. आत शिरायला जागा नाही. 'अलबत्या गलबत्या' पुन्हा आलंय. दिग्दर्शन चिन्मय मांडलेकरांचं, चेटकीण वैभव मांगले. एका दिवसात पाच प्रयोग करण्याचा विक्रम याच वर्षी या नाटकाने केला. मोबाइलवर वाढलेली पोरं नाटक बघतच नाहीत, असं सांगणारे लेख मी वाचलेत, बहुधा लिहिलाही असेल. इकडे बघा. चेटकीण येते आणि आठशे-हजार माणसांच्या गर्दीतली मुलं एकाच वेळी ओरडतात. एक जण उठून उभा राहून तिला सल्ला देतो. आई त्याला खाली ओढते. या आईने कदाचित लहानपणी हाच सल्ला दिला असेल.

त्याच वर्षी दुसऱ्या एका संध्याकाळी 'आरण्यक'. ४४ वर्षांनी. दिग्दर्शक मतकरीच. धृतराष्ट्र रवी पटवर्धन, विदुर दिलीप प्रभावळकर. तेच.

१९७४ चा प्रयोग तुम्ही बघितलाय, म्हणून तुम्ही इतरांपेक्षा पुढे सरकून बसता. आवाज आधी येतो, माणूस नंतर. हेही तेच. पण आता पटवर्धन ८१ वर्षांचे आहेत. बोटं हवेत आधार शोधतात तेव्हा तुम्हाला क्षणभर कळत नाही, हा धृतराष्ट्र शोधतोय की नट. त्या वेळी चालीत जडपणा आणावा लागला होता. आता जडपणाला आवर घालून वाक्य पोचवावं लागतंय, आणि ते पोचतं, शेवटच्या रांगेपर्यंत, मुक्तछंदाचा एक झोका न चुकवता. प्रभावळकर ७४ वर्षांचे. हात तसेच गुंतवलेले, मान तशीच कलती. ते अजूनही ऐकतात. नाटकाच्या संहितेत वनाकडे निघालेली माणसं तीच आहेत. फक्त लिहिणारा तेव्हा पस्तिशीत होता आणि जिथे निघालोय ते ठिकाण त्याने कल्पनेने लिहिलं होतं.

पटवर्धन ठाण्याचेच. रिझर्व्ह बँकेत नोकरी करून त्यांनी रंगभूमी आणि चित्रपट सांभाळले. बँका आणि मराठी नाटक यांचं हे नातं कुणीतरी एकदा मांडायला हवं. पाच वाजता सुटणारी नोकरी नसती तर आपली प्रायोगिक रंगभूमी निम्मीसुद्धा उभी राहिली नसती.

"पुढे २०२० आहे," रिक्षावाला म्हणतो. "थांबायचं?"

थांबायला काही नाही. टेंभी नाका रिकामा आहे, मंडप नाही, रिक्षा नाहीत, रंगायतनला कुलूप. १७ मेच्या रात्री मुंबईत, मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात मतकरी करोनाने गेले. वय ८१. डिसेंबरमध्ये ठाण्यात रवी पटवर्धन गेले. त्या वर्षी माणसं कशी निरोपाविना गेली ते तुम्हाला कुणी सांगायला नको. गाडी वळवा.

मागे, २०१४. इथे सगळ्यात जास्त वेळ काढा, मीटरची काळजी करू नका.

ठाण्यात समता विचार प्रसारक संस्था आहे. कार्यकर्ते संजय मंगला गोपाळ आणि त्यांचे सहकारी झोपडवस्त्यांतल्या मुलांसाठी काम करतात. अडचणींशी झगडत दहावी झालेल्या मुलांना 'एकलव्य गौरव' देतात. या संस्थेबरोबर मतकरी ठाण्यात एक गोष्ट सुरू करतात, 'वंचितांचा रंगमंच'. नर्मदा बचाव आंदोलनाशी, 'निर्भय बनो' चळवळीशी जोडले गेलेले मतकरी, त्यांना वस्ती नवी नाही. पण इथे त्यांनी एक वेगळीच अट घातली आहे. तयार नाटक मिळणार नाही.

हे ऐकायला सोपं आहे. करून बघा. हाताशी बावीस बालनाट्यं असलेला नाटककार शहरात आला आहे. कुणीही म्हणेल, एखादं द्या, मुलं बसवतील, पालक टाळ्या वाजवतील, पाहुणे नारळ फोडतील. त्याऐवजी वस्तीतल्या मुलांनी आपलं नाटक आपणच शोधायचं, आपल्याच बोलीत बोलायचं, आपणच बसवायचं आणि करायचं. सगळ्या वस्त्यांची मिळून 'नाट्यजल्लोष' करायचा. स्पर्धा नाही. खर्चाचं नेपथ्य नाही. लागेल ते वस्तीतून.

समाजमंदिराची खोली आहे असं धरून चाला. एका बाजूला सतरंजीची वळकटी, भिंतीवर मागच्या कार्यक्रमाचे फुगे टाचणीला लटकलेले, पंखा एकाच वेगाला फिरणारा. दहा-बारा मुलं. विषयावरून भांडण चाललंय. एकाला भुताचं नाटक हवंय. एकाला 'पोलीस'. दंडात तायत घातलेला एक मुलगा म्हणतो, पाण्याचं करू या. कसलं पाण्याचं? टँकरचं. टँकर येतो तेव्हा शाळा बुडते ते. खोली एकदम बोलायला लागते, कारण हे सगळ्यांना पाठ आहे. हंडा कोण लावतं, रांग कोण मोडतं, कुणाची आई कुणाला काय म्हणाली, टँकरवाला कसा उभा राहतो. तो कसा उभा राहतो हे एक जण करून दाखवतो आणि बाकीचे लोळतात. झालं, एक पात्र मिळालं. कुणी लिहिलं नाही. आता कुणीतरी लिहून घ्या, विसराल. अक्षर चांगलं असलेल्या मुलीकडे वही जाते. ती वहीत लिहिता लिहिता वाक्य बदलते. "तो असं नाय बोलत, तो शिवी देतो." शिवी ठेवायची का? पंधरा मिनिटं चर्चा. सेन्सॉर बोर्डात इतकी गंभीर चर्चा होत नसेल.

हंडे म्हणून शाळेची दप्तरं. टँकर म्हणून सहा मुलं एकमेकांच्या कमरेला धरून, सगळ्यात पुढच्याच्या हातात स्टीलचं ताट, स्टिअरिंग. 'लोककथा ७८' मध्ये माणसांचं झाड झालं होतं ना? ते या मुलांनी पाहिलेलं नाही, त्यांच्या आईबापांनीही नाही. त्यांना ते गरजेपोटी सुचतंय, जसं विशीतल्या मतकरींना सुचलं होतं.

कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर पांढऱ्या केसांचे, चष्म्याचे गृहस्थ बसलेत, मांडीवर वही. तिच्यात काय लिहिताहेत की काढताहेत, तुम्हाला दिसत नाही. मुलांनी त्यांना ओळखलेलं नाही असंही नाही. पण टँकर सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे बघायला कुणाला फुरसत नाही. मोठ्या नाटककाराकडे तालमीत कुणी बघत नाही, याहून चांगली पावती दुसरी कोणती असणार?

तुम्ही मात्र दाराशी रिकामे उभे आहात, आणि वहीवाल्या मुलीच्या ते लक्षात येतं. इथे नुसतं बघत उभं राहायची सोय नाही. माणसं कमी पडताहेत.

"अहो, तुम्ही. हे धरा."

तुमच्या हातात पत्र्याचा तुकडा येतो. शेवटी पाऊस पडतो, टँकरची गरजच संपते, असा त्यांनी शेवट ठरवलाय. कुणीतरी कुरकुरतं की पाऊस काय रोज पडणार आहे का, म्हणून आता तोही बदलायची शक्यता आहे. पण सध्या पाऊस आहे. विजेला दारातला मुलगा टॉर्च मारणार, गडगडाट तुम्ही करायचा, पत्रा हलवून. सोपं आहे.

टँकर येतो. रांग मोडते. आया भांडतात. तुम्ही बघण्यात गुंगता आणि एकदम आठवण होऊन जोरात पत्रा हलवता. टॉर्च त्यानंतर पेटतो.

सगळी मुलं तुमच्याकडे वळतात.

"आधी वीज, मग आवाज," मुलगी वही मिटून म्हणते. "शाळेत नाय शिकवलं का? चला, टँकरपासून परत."